शेजारच्या सीटवरची बाई

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना शिकायला येणारे पाठीमागे करकचबाई म्हणत, कारण त्या ब्रेक मारत तोही करकचून आणि बोलतही तशाच. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवून काही उपयोग नाही असं तोंडावर सांगितलं.

आता निवृत्त होऊन बाई भर हिवाळ्यात एकट्याच निघाल्या होत्या, डोंगरापलीकडे राहणाऱ्या लेकीकडे. रस्ता अख्ख्या दिवसाचा. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, घाटात बर्फ आहे. मी येते न्यायला."

"तू? मला?" बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. याच लेकीला त्यांनी एकदा स्टिअरिंगवर बसवलं होतं आणि पहिल्याच वळणावर 'गाढवाने बरी चालवली असती' म्हणून रडवलं होतं. पोरगी पुढे कुठल्याशा सरांकडे शिकली. शिकली म्हणे! "एकटी येईन, उजेडी येईन. वाटेत अडकले तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, जा!"

त्यामुळे आज अडकून चालणार नव्हतं. स्टिअरिंग गेलं की बाईंकडे राहिलं काय असतं? नुसतं तोंड.

ते मात्र सकाळपासून जोरात होतं. पुढचा ट्रकवाला आंधळा. मागून हॉर्न वाजवणारा मेला बापाचा रस्ता घेऊन आला होता. एका गाडीच्या टपावर सायकली बांधलेल्या दिसल्या, या थंडीत! "हौसेला मोल नाही आणि डोकंही नाही," बाई काचेला म्हणाल्या. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागली. इतका वेळ स्वतः गाडी चालवून त्यांना वर्षं लोटली होती, पण हे कंबरेला सांगायची त्यांची तयारी नव्हती.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर रस्ता काचेसारखा चकाकला आणि गाडीचं बूड हळूच बाजूला सरकलं.

"ब्रेक नको! ब्रेक नको!" बाई ओरडल्या. अगदी बरोबर सांगितलं. बर्फावर ब्रेक मारायचा नसतो, हे त्या जन्मभर ओरडून सांगत आल्या होत्या, आणि ओरडताना दर वेळी आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आल्या होत्या. आजही तोंडाने ओरडल्या आणि पायाने दाबला. ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. गाडी गर्रकन फिरली आणि कडेच्या बर्फात नाक खुपसून बसली.

एक जोडपं मदतीला थांबलं. "आधी आपला आरसा नीट लावा," बाईंनी त्यांना वाटेला लावलं. मग गाडी मागे घेऊन पाहिली. चाकं जागच्या जागी फिरून आणखी खोल गेली. उन्हं उतरत होती. पुन्हा एक गाडी येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आली नाही. शेवटी झक मारत फोन लावला.

"घसरले मी. बर्फात रुतलेय."

"लागलं का कुठे?"

"नाही. ये न्यायला." एवढं बोलून बाईंनी फोन कानापासून लांब धरला. आता हसेल कार्टी. आपण असतो तर पोट धरून हसलो असतो.

लेक हसली नाही. "मी निघते. पण मला वेळ लागेल, आणि तुझी गाडी निघेलही. मी सांगते तसं करशील?"

"तू सांगणार? मला?"

"हो. आधी एक सांग. घाबरलीस का?"

'घाबरायला मी काय तू आहे?' उत्तर ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, पाय अजून ब्रेकवरच होता.

"सर रोज विचारायचे," लेक म्हणाली. "गाडी चालू करायच्या आधी. हो म्हटलं तर थांबायचे."

"हो," बाई म्हणाल्या. "खूप घाबरलेय गं."

"मग थांबू. घाई नाही. हात सैल सोड."

बाईंनी खाली पाहिलं. एका हाताने त्यांनी अजून स्टिअरिंग आवळून धरलं होतं. एकेक बोट सोडवत त्या म्हणाल्या, "मी तुला असं कधी विचारलं नव्हतं, ना?"

"नाही," लेक म्हणाली. "आता चाकं सरळ कर."