एका वेळी एकच

विद्यापीठाचा सगळा कारभार नव्या संगणक प्रणालीवर नेण्याचं काम जिच्या गळ्यात पडलं होतं, तिला परीक्षा विभागात पाठीमागे 'नवी सून' म्हणत. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे हलवणारी, म्हणून. हे तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून तिला ते आवडायचंही.

आज मात्र तिचा चेहरा पडला होता. कुलसचिवांनी सकाळीच चाचणीचा अहवाल पुढ्यात टाकला होता.

"एवढा खटाटोप करून नवीन गाडं जुन्याइतकंच रखडतंय. संध्याकाळपर्यंत कारण सांगा, नाहीतर गाशा गुंडाळा."

कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती आणि तंत्रज्ञांना तर दोषच सापडत नव्हता. शेवटी ती परीक्षा विभागात जाऊन एका कोपऱ्यात बसली. गुण भरणं चालू होतं.

"मी आत," एक कारकून बाई म्हणाली. बाकीच्या सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाहेर." मग पलीकडून दुसरी, "मी आत."

"हे काय चाललंय?" नव्या सुनेने विचारलं.

विभाग सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "दोघी एकदम शिरल्या की भरलेले गुण पुसले जातात. एकदा अख्ख्या वर्गाचे गेले आणि खापर माझ्यावर फुटलं. तेव्हापासून एका वेळी एकच."

"अहो ताई, ते जुन्यात. यात सगळ्या एकदम शिरल्या तरी चालतं."

"हे आम्हाला कुणी सांगितलं?"

तिने प्रशिक्षणात एकूण एक बटण दाखवलं होतं, हे सोडून. तिला हसावं की रडावं कळेना.

"पुसले गेले तर?" ताईंनी विचारलं.

"तर या वेळी खापर माझ्यावर. सगळ्यांसमोर सांगते."

ताई रुमालाला हात पुसून म्हणाल्या, "चला गं. सगळ्या आत."

खोलीभर खडखडाट सुरू झाला. दिवसाचं काम चहाच्या आधी उरकलं. ताईंनी प्रत्येक वर्ग पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. गुण सगळे जागच्या जागी होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"मी कुलसचिवांकडे जाऊन येते," नवी सून उठत म्हणाली. "चूक माझी होती, तुम्हाला विचारलंच नाही."

"आणि आम्ही सांगितलं नाही." ताईंनी खुर्ची मागे सरकवली. "थांब, मीही येते. दोघी एकदमच शिरू."