सीतादहीचा घास

सीतादही म्हणजे काय, हे आता आमच्याकडच्या पोरांनाही सांगावं लागतं. कापसाचा पहिला वेचा सुरू करण्याआधी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडापाशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, सीतामाईला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. तोवर बोंडाला हात लावायचा नाही आणि दहीभाताला तोंड लावायचं नाही.

कापसानं सगळ्यांनाच दगा दिला, त्या वर्षांतली ही गोष्ट. ढाणकीजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. निकिता आणि आयुष, माझी जुळी नातवंडं, सातवीत होती. त्यांचे आईबाप पांढरकवड्याला जिनिंगमध्ये कामाला, म्हणून घरात शब्द चाले माझ्या यजमानांचा, वामनरावांचा. पुढच्या वर्षी उमरखेडच्या वसतिगृहात एकालाच ठेवणं जमणार होतं. दुसऱ्यानं शाळा सोडून शेतात यायचं. यांनी ठरवलं, ज्याच्या अंगी दम असेल ते पोर जाईल. एकटं राहायचं तर मन आवरता आलं पाहिजे.

सीतादहीच्या दिवशी पोरं सकाळपासून उपाशी होती. यांनी शेतात दहीभाताचं गंज, म्हणजे पातेलं, त्यांच्यापुढे ठेवलं, कावळ्याकुत्र्यांपासून राखा म्हणाले आणि स्वतः बैलबंडीवर बसून लक्ष ठेवू लागले. मी मजूर बायांना घेऊन आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि गंज जसंच्या तसं होतं. आयुष आभाळाकडे बघत शीळ घालत होता. निकिता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती; उठली तेव्हा तळव्यांवर ढेकळांचे वळ दिसले.

शाळेतल्या उर्वशी मॅडमना मी पूजेला बोलावलं होतं. यांची परीक्षा ऐकून त्या हसल्या. नुकतंच वाचलेलं त्यांनी सांगितलं. बायांना आणि पुरुषांना मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्रात झोपवून हाती बटण दिलं होतं. एक खूण दिसली की दाबायचं, दुसरी दिसली की हात आवरायचा. हात आवरण्यात दोघं सारखेच निघाले, पण आवरताना मेंदूतल्या जागा थोड्या वेगळ्या जाग्या होत होत्या. ही सरासरीची गोष्ट, एकेका माणसाची नाही, असंही त्या म्हणाल्या.

जागा वेगळ्या, तेवढंच यांनी उचललं; म्हणाले, पोरीच्या जातीला दम आपसूकच असतो, त्यात तिचं काय? पोरानं तो मेहनतीनं धरला. मॅडम म्हणाल्या, मेहनत कोणाला जास्त पडली ते फोटोवरून सांगता येत नाही.

"मंग तो फोटो सांगते तरी काय?" यांनी विचारलं.

मॅडम पुन्हा सरासरीचं सांगू लागल्या.

"आयुष जाईन," हे म्हणाले.

 निकिता खाली वाकली, गंजात हात घातला आणि भला मोठा घास तोंडात कोंबला. नैवेद्य उष्टा झाला.  माझा हात तिला मारायला वर गेला आणि तिथंच राहिला. कसा थांबला, माझ्या डोक्यात तेव्हा कोणती जागा जागी झाली, देव जाणे.

"पाहा मालक, पोरीच्या जातीचा दम," मानीबाई म्हणाली. ती आमच्याकडची जुनी वेचणारी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मांड माय तोच भात. सीतामाय बी उपाशीच असंन."

मी तोच भात मांडला. योग्य केलं की अयोग्य, अजून कळत नाही.

परतताना आम्ही चौघं बंडीवर होतो. नाल्यापाशी हे एकदम म्हणाले, "निकितालेच धाडू."

"काहून?" मी विचारलं.

"मले बी समजून नाही राह्यलं. इतका वेळ बसली ते खरं, का घास घेतला ते खरं? पण हिले घरी ठेवून जमन नाही."

"अन् आयुष? त्यानं तर शेवटपर्यंत दम धरला."

"हो ना," हे म्हणाले. "तो अजून धरीन."

मागे बसलेल्या आयुषची शीळ थांबली. निकितानं आपले वळ उठलेले हात पुन्हा मांडीखाली घेतले. बंडी घरी पोचेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, आणि त्या दोघांपैकी कोणाची पाठ थोपटावी, हे मला सुचत नव्हतं.