नाताळची रजा

मानसिंग नाताळची रजा घेऊन आला, तेव्हा मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. महायुद्ध ऐन भरात होतं आणि वाडीतल्या निम्म्या घरांच्या चुली पलटणीच्या पगारावर पेटत होत्या. साहेबाचा सण आला, साहेबानं शिपाई घरी सोडला, यात नवल ते काय? त्याची बायको शालूबाई तर हरखूनच गेली. लग्न झाल्यापासून नवरा तिच्या वाट्याला आला तो असा रजेपुरताच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "तुज्या मामाकडं जाऊन यिऊ. आवर."

शालूबाई बघतच राहिली. तिला आईबाप नव्हते. सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या एका गावात नानासो मामांनी तिला वाढवली होती. लग्नानंतर किती वेळा सांगून पाहिलं, तरी हा त्या गावाला गेला नव्हता. आणि आता आल्या पावली, आईच्या हातची भाकरी धड पोटात गेली नाही तोच, मामाकडं?

तिनं त्याचा खाकी कोट झटकून, पितळी बटणं राखेनं घासून ठेवली होती. मामाच्या गावात जावई वर्दीत दिसला असता तर तिची मान वर झाली असती. त्यानं तो कोट बरोबर न्यायच्या ट्रंकेच्या तळाशी घातला आणि धोतर नेसून वर बापाचा जुना बंडी-कोट चढवला. जवळच्या सातारा रोडला गाडी धरायची सोडून तो तिला पार रहिमतपुरापर्यंत घेऊन गेला. गाडीत बसल्यावर उपरण्यानं तोंड बांधून घेतलं आणि दाढ दुखते म्हणाला. सकाळी याच दाढेनं त्यानं हुरडा खाल्ला होता, हे शालूबाईनं पाहिलं होतं.

कऱ्हाडला लाल टोप्या घातलेले दोन मिलिटरी पोलीस फलाटावरून डब्यात डोकावत येत होते. मानसिंग पाणी आणतो म्हणून पलीकडच्या दारानं उतरला. लोटा मात्र तिच्या पायाशीच होता. गाडी सुटली तरी त्याचा पत्ता नाही. पुढच्या स्टेशनात तो दुसऱ्याच डब्यातून उतरून आला आणि काही न घडल्यासारखा शेजारी बसला. जरा वेळानं खाली बघतच त्यानं विचारलं, मामाच्या गावात पोलीस येतात का, चावडी घरापासून किती लांब आहे, आणि लालासाहेब हल्ली झोपायला कुठं असतो?

लालासाहेब म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा. बेचाळीस साली तो घर सोडून भूमिगत झाला होता आणि आता पत्री सरकारात होता. पोरं रानोमाळ फिरत, सरकारी खजिने लुटत, आणि खबऱ्या सापडला की त्याच्या तळपायांवर असे फटके देत की माणूस पुन्हा सरळ चालत नसे. लालासाहेब कुठं झोपतो हे विचारणारी माणसं दोनच प्रकारची, त्याची आई किंवा सरकार.

"मला काय ठावं," शालूबाई म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून बसली. सरकारचा पगार खाणारा माणूस आपल्या शेजारी बसला आहे, हे तिला त्या घडीला पहिल्यांदा जाणवलं.

मामांनी जावयाचं आगतस्वागत केलं, पण मामा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मागल्या महायुद्धात ते स्वतः इराकातल्या बसऱ्याला लढून आले होते आणि त्याची पेन्शन खात होते. जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, पलटण कुठं आहे, पुढं कुठं निघणार, यंदा नाताळचा बडाखाना, पलटणीची मेजवानी, कसा. मानसिंग हूं हूं करत राहिला. रजेचा शिपाई रेल्वेच्या पासावर येतो, यानं पदरचं तिकीट काढलेलं. हे शालूबाईच भोळेपणानं बोलून गेली होती. मामांनी ताटातला हात थांबवून एकदा तिच्याकडं पाहिलं.

त्यानंतर घर बदललं. मानसिंग सोप्यात आला की बोलणं थांबायचं. तो परसात गेला की घरचा गडी केरबा गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी, तानुबाई, भाकरी थापता थापता हलक्या आवाजात बोलली.

"शाले, आज दुपारच्याला गुऱ्हाळावर पोरं येनार हाईत. मामा पाव्हन्यास्नी रस प्यायला न्हेनार हाईत तिकडं."

"मंग?"

"मंग काय. तू घरातच ऱ्हा."

शालूबाईनं हातातली काठवट खाली ठेवली. तिनं धुण्याची मोट बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, नदीला चला, एकटीला उचलत नाही.

कृष्णेचं पाणी हिवाळ्यात खाली गेलं होतं. धुणं तसंच खडकावर टाकून ती त्याच्यासमोर उभी राहिली. आजवर तिनं नवऱ्याला असं समोर उभं राहून काही विचारलं नव्हतं.

"कुनी धाडलंय तुमास्नी?" ती म्हणाली. "लालासाहेबाला धरून द्यायला आलाय न्हवं?"

मानसिंगाला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की आपण चुकलो हे शालूबाईनं तिथंच ओळखलं. पण काय चुकलं ते तिला समजेना.

"मला कुनी धाडलं न्हाई," तो म्हणाला. "मी पळून आलोय. रजाबिजा काय न्हाई."

मग तो खडकावर बसला आणि थांबत थांबत सांगत गेला. पलटण पुन्हा बोटीवर चढणार होती. गेल्या खेपेला आफ्रिकेत त्याच्याबरोबर पलीकडच्या वाडीचा नाथाजी होता. गोळी लागून तो मधल्या उघड्या रानात पडला, आणि सबंध दिवस पाणी मागत राहिला. मानसिंग खंदकात होता. हाक ऐकू येत होती, पण त्याचे पाय उठले नाहीत. संध्याकाळी हाक बंद झाली. बोटीचं नाव निघाल्यापासून ती त्याला परत ऐकू यायला लागली होती. बेळगावहून तो बाजाराला म्हणून बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. वाडीचा पत्ता सरकारदरबारी होता, मामाच्या गावचा नव्हता. लालासाहेब लपतो तिथं आपल्यालाही जागा मिळेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

शालूबाईनं गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली. मामांना हे सगळं बोला, म्हणून पाया पडली. तो मान हलवत राहिला.

"मामा बसरा बघून आल्याला मानूस हाय. खबऱ्या म्हनून मार खाईन, पर भ्यालो म्हनून त्येच्या म्होरं सांगनार न्हाई."

आणि खरंच, दुपारी मामांनी रस प्यायला चला म्हणताच तो निमूट उठून गेला.

शालूबाई घरात राहिली नाही. उसाच्या फडाकडेनं ती पळत गेली. गुऱ्हाळावर रसाची काहील उकळत होती आणि मानसिंग बाजेवर बसला होता. भोवती पाच-सहा अनोळखी पोरं होती. लालासाहेब समोर उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेला. त्यानं विचारलेल्या एकाही प्रश्नाला मानसिंग उत्तर देत नव्हता. एका पोरानं त्याच्या पायातल्या वहाणा काढायला सुरुवात केली होती.

पुरुषांच्या घोळक्यात शालूबाई कधी बोलली नव्हती. डोईवरचा पदर सरकलेला तिला कळला नाही.

"मामा, ह्ये सरकारचं न्हाईत," ती म्हणाली. "सरकारच ह्यास्नी हुडकतंय. लढाईला भिऊन पळून आल्याती."

मानसिंगानं डोळे मिटून घेतले. शालूबाईनं जे ऐकलं होतं ते सगळं तिथं सांगितलं, नाथाजीसकट.

लालासाहेबाचा चेहरा खुलला. पलटणीत शिकलेली अशी दोन-चार माणसं त्याला हवीच होती. तो म्हणाला, आमच्यात राहा, पोरांना बंदूक शिकव, इथं तुला कुणी हुडकणार नाही.

मानसिंगानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "बंदूकच नको म्हनून आलोय, लालासाहेब," तो म्हणाला.

मग मामा पहिल्यांदा बोलले. पळून किती दिवस झाले ते त्यांनी विचारून घेतलं. फार झाले नव्हते.

"आजून पळपुट्यात नाव गेलं नसंल. आपल्या पायानं गेलास तर कोठडीवर भागंल. धरून न्हेलं तर सालं जात्याल. ऊठ, मी येतो संगट."

"आन् बोटीवर घातलं तर?"

"घालतीलबी," मामा म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

मानसिंगानं वाकून स्वतःच वहाणा पायात चढवल्या.

त्याच दिवशी मामा आपली बिल्ल्यांची पट्टी कोटावर लावून त्याच्याबरोबर बेळगावला निघाले. मानसिंगानं ट्रंकेतली वर्दी काढून घातली. वेशीपर्यंत शालूबाई मागून चालत होती. तिथं तो थांबला आणि म्हणाला, "तू बरं क्येलंस आसं मी आज म्हननार न्हाई." ती म्हणाली, "नका म्हनू."

मामा परतले ते सांगतच. मानसिंगाच्या बाहीवरची बढतीची फीत काढून घेतली, कोठडी दिली. पुढं तो कोठडीत असतानाच पलटण बोटीनं निघून गेली. मग त्याला तिथल्याच लष्करी इस्पितळात जखमींची उठाबस करायला ठेवला, आणि लढाई संपेपर्यंत तो तिथंच राहिला.

तो वाडीला परतल्यावर गावकरी लढाईच्या गोष्टी विचारत. मी इस्पितळात पाणी पाजत होतो, एवढंच तो सांगे. तू बरं केलंस, असं तो शालूबाईला पुढंही कधी म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही. तो कुठं बाहेर निघाला की मात्र कुठं, कशाला, परत कवा, हे ती तोंडावर विचारून घ्यायची, आणि तो उंबऱ्यात थांबून सगळं नीट सांगायचा.