पाठीवरची पांढरी जागा

लाकडी डावाच्या तोंडाला ब्रीडाने मखमली हातमोजा चढवला, वरून दोन रबरबँड करकचून गुंडाळले आणि न्हाणीघरातल्या आरशाकडे पाठ केली. हात, पाय, गळा, सगळीकडे उन्हात रापल्यासारखा दिसणारा तपकिरी रंग लावून झाला होता. कोपरं आणि घोटे कोरडे असले की रंग जास्त धरतात, म्हणून तिथे आधी क्रीमही चोळून झालं होतं. उरली होती ती पाठ.

बाटलीतला फेस गार होता. भाजक्या बिस्किटांसारखा वास त्याला. डाव तिने खांद्यावरून खाली सोडला, मग कमरेकडून वर घातला. वरून येणारा आणि खालून येणारा हात मध्ये कुठेतरी भेटायला हवे होते. अडुसष्टाव्या वर्षी ते भेटत नव्हते.

दुपारी औषधांच्या दुकानातल्या मुलीने बाटली पिशवीत टाकता टाकता विचारलं होतं,

"लग्न का, मिसेस हॅकेट?"

"भाचीचं. उद्या."

"पाठ करायला कुणी आहे ना? नाहीतर पट्टे उठतात हं. मागच्या आठवड्यात एक बाई अशी झेब्रा होऊन आली होती..."

"आहे की," ब्रीडा म्हणाली आणि सुटे पैसे न घेताच बाहेर पडली.

त्या गावात बायकांची पाठ बघत. लग्न असो, नाच असो, उघड्या पाठीचा झगा घातलेली बाई पुढून गेली की मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना कोपर लावत. पाठ एकसारखी रंगलेली असली, तर तिच्या घरात कुणीतरी आहे. पट्टे असले, तर नाही.

आणि ब्रीडाने झगा घेतला होता तो मागे खोल गळ्याचा. निळा. मुद्दाम. लग्नात फिलो येणार होती.

फिलो तिची थोरली बहीण. सतरा आणि एकोणीस वर्षांच्या असताना दोघी ट्रामोरच्या किनाऱ्यावर, वाळूत, रापायला म्हणून अंगाला तळणाचं तेल फासून उन्हात पडायच्या. "तळून निघाल गं, कार्ट्यांनो!" म्हणून आई बंधाऱ्यावरून ओरडायची. पुढे पहिल्या पहिल्या बाटल्या आल्या तेव्हा नाचाच्या आदल्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात उघड्या पाठीने उभ्या राहायच्या. आधी एकीची, मग दुसरीची. फिलोचा तळवा रुंद. मधेच ती बोटाने ब्रीडाच्या पाठीवर काहीतरी वाह्यात लिहायची आणि हसत पुसून टाकायची. सकाळी दोघी गाजरासारख्या नारिंगी. पण सारख्या नारिंगी.

तेलाची किंमत ब्रीडाने तीन वर्षांपूर्वी भरली. त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाच्या शेंड्यावरचा तुकडा कापावा लागला. डॉक्टर म्हणाले होते, "उन्हाशी तुमचं नातं संपलं, बाई. रंगच हवा तर बाटलीतला लावा, हवा तेवढा."

फिलोशी नातं त्याच्याही आधी संपलं होतं. आई इस्पितळात होती तेव्हा फिलोने फोनवर सांगितलं, "झोपलीये आता. सकाळीच ये." आईने सकाळ पाहिली नाही. कबरीपाशी ब्रीडा एवढंच म्हणाली, "तू मला येऊ दिलं नाहीस." त्यानंतर नऊ वर्षं शब्द नाही. गेल्या हिवाळ्यात फिलोचा नवरा मॉसी गेला, तेव्हा अख्खं गाव रांग लावून तिचा हात हातात घेऊन गेलं. ब्रीडा चर्चच्या दारातून परत फिरली. फिलोला काय, दोन लेकी आहेत, असं तिने घरी येताना स्वतःला सांगितलं.

सकाळी तिने पाठीमागे हातआरसा धरला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये बशीएवढी जागा पांढरीफटक राहिली होती, कडेने डावाचे ओरखडे. मग कपाटातून पांढरा विणलेला स्वेटर काढला.

जूनमधला इतका गरम दिवस कुणाला आठवत नव्हता. चर्चमध्ये बायका प्रार्थनेच्या कागदांनी वारा घेत होत्या. भाऊ डोनल दारात घामाघूम उभा होता.

"स्वेटर कसला घालतेस? उकडून मरशील!"

"मला बरं वाटतं."

"बस तिकडे. फिलोच्या मागे जागा आहे, दुसरीकडे नाही." तो घाईने म्हणाला आणि तिच्याकडे न बघता नवऱ्या मुलीला, आपल्या लेकीला, आणायला गेला.

फिलो एकटीच बसली होती. शेजारी लेकी नव्हत्या. तिचा झगा फिकट हिरवा, तोही मागे खोल गळ्याचा, केस नुकते बसवून आणलेले. ती बाकाला टेकून ताठ बसली होती. ब्रीडाने नजर वेदीकडे लावली आणि तिथेच ठेवली.

सगळे गुडघ्यांवर आले तेव्हा फिलो पुढे वाकली. पाठ बाकापासून सुटली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, बशीएवढी, पांढरी जागा. कडेने ओरखडे. मानेपाशी रंगाचा एक ओघळ वाळून बसलेला.

ब्रीडाच्या हातातला कागद थांबला.

फिलोने हातआरसा धरला नसावा. तिला हे माहीतच नव्हतं.

पाद्रीबाबा म्हणाले, एकमेकांना शांतीचा हात द्या. बाकाबाकांवर माणसं वळली. फिलोही वळली, आणि मागे कोण आहे ते पाहून तिचा हात मध्येच राहिला. ब्रीडाने तो धरला. फिलोच्या बोटांच्या बेचक्यांत रंग होता.

"लेकी?" ब्रीडाने विचारलं.

"एक परदेशात, पर्थला. दुसरीला रजा नाही." फिलो म्हणाली. "तू बारीक झालीस."

एवढ्यात वेदीपाशी जाऊन प्रसाद घ्यायला माणसं उठू लागली. पुढून एकेक बाक रिकामा होत होता. फिलो उठली. आता ती सगळ्या चर्चसमोरून मधल्या वाटेने चालत जाणार होती, मागे दोनशे माणसं.

ब्रीडाने स्वेटर काढला आणि पुढे वाकून तिच्या खांद्यांवर टाकला.

"हे काय?"

"थंडी वाजेल तुला."

"थंडी?" फिलोने कपाळावरचा घाम पुसला. मग तिची नजर ब्रीडाच्या उघड्या खांद्यावर गेली, तिथून तोंडावर. स्वेटरची कड तिने हळूच धरली. "राहिलंय का मागे?"

"एवढंसं."

"आंघोळीचा ब्रश घेतला होता मी. तू?"

"डाव."

फिलोच्या नाकपुड्या फुलल्या. हसू आलं की लहानपणापासून तिचं तसंच व्हायचं.

"आणि तुझं?"

"चल. रांग अडलीय."

पण फिलो हलली नाही. बाकाच्या टोकाशी ती बाजूला सरली, ब्रीडाला पुढे काढलं आणि मग तिच्या मागोमाग निघाली. ब्रीडाच्या उघड्या पाठीला इतकी लगटून चालत होती ती, की पावलोपावली तिच्या बुटाचं टोक ब्रीडाच्या टाचेला लागत होतं.