खूण नसलेलं अंडं

त्या दुपारी शाबानच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कालव्यापलीकडच्या बायका पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या, गच्चीवर म्हातारे बसले होते आणि मधोमध चटईवर शेख हस्सूना होता. अंगावर हिरवी शाल, मनगटाखाली हातभर लोंबणाऱ्या बाह्या, समोर पांढरी थाळी आणि शेजारी बदकाच्या अंड्यांची लाकडी पेटी.

"पिल्लांचं तोंड बांधलंय," तो डोळे मिटून म्हणाला. "बिचारी बाहेर यायला निघाली होती. दार ठोठावत होती. पण कुलूप बाहेरून आहे. कुणी घातलं ते खालचे लोक मला सांगतायत. जरा गप्प बसा, ते हळू बोलतात."

सगळे गप्प बसले. जमिनीखालच्या जिन्नांच्या बोलण्यात कोण अडथळा आणणार?

शेखनं पेटीतून एक अंडं उचललं, दोन्ही तळव्यांत झाकलं, तोंडाशी नेलं, फुंकर घातली, पुटपुटला, डोलला आणि थाळीच्या काठावर आपटलं. पांढरं, पिवळं बाहेर आलं. त्यात काळ्या दोऱ्याच्या गाठी होत्या, वाकडी सुई होती आणि मेंदीनं लाल झालेल्या केसांची बट होती.

अंगणभर एकच हुंकार उठला.

"मी नाव घेणार नाही," शेख म्हणाला. "नाव घेणं पाप. एवढंच सांगतो, जिची स्वतःची कूस रिकामी, तिला दुसऱ्याची भरलेली बघवत नाही."

सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथं शाबानची थोरली बहीण रतीबा शेखसाठीच केलेल्या चहाचं तबक घेऊन उभी होती. डोक्यावरच्या फडक्याखालून तिचे मेंदीचे केस दिसत होते. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं सोडल्यापासून ती भावाकडेच राहत होती.

शाबानची बायको इन्साफ चटईच्या कडेला बसली होती. तिनंही तिकडेच पाहिलं. आणि रतीबानं इतक्या सगळ्यांमधून नेमकं तिचं ते बघणं पाहिलं. तिनं तबक खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

*

मन्झला तळ्याकाठच्या त्या गावात बदकं कुणाकडे नव्हती? पण अंडी उबवणं हे बदकिणीचं काम, माणसाचं नव्हे. त्या वर्षी इन्साफची बदकीण अंड्यांवर बसली आणि दुसऱ्याच दिवशी मुंगूस तिला घेऊन गेलं. अंडी अजून कोमट होती. टाकून द्यायला इन्साफचा जीव होईना. तिनं संत्र्यांच्या पेटीत पेंढा घातला, वर विजेचा दिवा टांगला, जुनी गोधडी पांघरली आणि घरीच उबवायचं ठरवलं. अंडी दिवसातून तीनदा उलटायची असतात, एवढं तिला ठाऊक होतं. कुठलं उलटलं, कुठलं राहिलं हे कळावं म्हणून तिनं मुलीची निळी पेन्सिल घेऊन प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. एकही अंडं सोडलं नाही.

सुरुवातीला या कामात रतीबा तिच्या बरोबरीनं होती. आठवड्यानं दोघींनी अंडी दिव्यासमोर धरली, तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या.

"बघ तर," रतीबा म्हणाली. "धडधडतंय आत."

"तुमचे हात लागले ना ताई," इन्साफ म्हणाली.

रोज पहाटे रतीबा बोटं पाण्यात बुडवून अंड्यांवर शिंपडायची. "बदकीण तळ्यातून येते ती ओलीच," ती म्हणायची. "तशीच बसते. मग यांनाही ओल नको का?" शिंपडताना ती बिस्मिल्ला म्हणायची, जशी पीठ मळतानाही म्हणायची.

शेजारच्या उम्म फिक्रीनं हे कुडाच्या फटीतून पाहिलं. दुपारी ती इन्साफच्या चुलीपाशी येऊन बसली.

"मी काही म्हणत नाही हो. पण पहाटे, एकटी, ओठ हलवत, अंड्यांवर पाणी? वांझ बाईनं? तूच काय ते समज."

"ताई तशा नाहीत."

"तशा कोण असतात गं? कपाळावर लिहिलेलं असतं का?"

इन्साफला ते पटलं नाही, पण ते मनातून जाईनाही. दोन दिवसांनी ती रतीबाला म्हणाली, "ताई, पेटीचं आता मी एकटीच बघते. तुम्हाला उगीच त्रास." रतीबानं ओली बोटं ओढणीला पुसली आणि बरं म्हणाली. पाणी शिंपडणं त्या दिवसापासून बंद झालं.

चार आठवडे झाले. एका सकाळी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. काही अंड्यांना टोकाशी चीर गेली, एका चिरेतून इवली चोच दिसली. इन्साफ दिवसभर पेटीपाशी बसून राहिली. संध्याकाळी चिवचिव कमी झाली. दुसऱ्या दिवशी अजिबात नव्हती. चोच तिथंच होती, हलत नव्हती. एकही पिल्लू बाहेर आलं नाही.

"आता तरी शेख हस्सूनाला बोलव," उम्म फिक्री म्हणाली.

*

शेख गेल्यावर शाबान बराच वेळ बाहेर ओट्यावर बसून होता. मग तो बहिणीकडे गेला. "थोडे दिवस मावशीकडे राहा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पोर्ट सईदची हवाही बरी. लोकांची तोंडं बंद झाली की आणीन."

रतीबानं बोचकं बांधलं. जाताना तिनं इन्साफच्या मुलीचा मुका घेतला. इन्साफकडे आली, थांबली, तिच्या काही बोलण्याची वाट पाहिली. इन्साफ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्साफ अंगण झाडायला निघाली. थाळी तशीच पडली होती. फुटलेलं टरफल वाहत्या पाण्यात सोडायचं, असं शेख सांगून गेला होता. तिनं तुकडे ओंजळीत गोळा केले आणि कालव्याकडे निघाली. वाटेत तिचं सहज लक्ष गेलं. टरफल स्वच्छ पांढरं होतं. तिनं तुकडे उलटेपालटे केले, एकाला एक लावून पाहिले. फुली नव्हती. गोल नव्हता. जाड टोकाच्या तुकड्यावर मात्र शेंगदाण्याएवढं चुन्याचं ठिगळ होतं, आणि आतून मेण.

तुकडे तिनं पाण्यात सोडले नाहीत.

मग टरफलाचे तुकडे आणि पेटीतली उरलेली अंडी टोपलीत घालून ती चालत शेजारच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर सुहैर तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी ठिगळ नखानं खरवडलं.

"भोक पाडून थोडं पांढरं काढून घेतलंय. सुई, केस आत सरकवले आणि वरून मेण नि चुना. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, थाळीत काय पडलं?"

"पांढरं. पिवळं. मग ते सगळं."

"वास आला?"

"नाही."

"चार आठवडे उबेत राहिलेलं अंडं, बाई. त्यात एक तर पिल्लू असतं, नाहीतर नाक धरून पळावं लागतं. पांढरं-पिवळं असतं ते ताज्या अंड्यात. तुमच्या पेटीतलं अंडं त्याच्या बाहीत गेलं आणि त्याचं अंडं थाळीत आलं."

इतक्या बायका त्या अंगणात होत्या. जन्म बदकांमध्ये गेलेल्या. कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मग माझी पिल्लं का मेली?"

डॉक्टरीणबाईंनी चीर गेलेलं एक अंडं हळूच सोललं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पंखांवर पिवळी लव, पायांना पडदे. आतलं पातळ कातडं सुकून कागदासारखं त्याच्या अंगाला चिकटलं होतं. पिल्लाला मानसुद्धा वळवता आली नसणार.

"कोरड," त्या म्हणाल्या. "दिव्यानं ऊब दिली, पण ओल कुठून येणार? बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त ओल लागते. पेटीत पाण्याची वाटी ठेवायची, पाणी शिंपडायचं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

इन्साफ तोंडाला ओढणी लावून कितीतरी वेळ रडत राहिली, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं की ती पिल्लासाठी रडते आहे.

*

तिनं शाबानला सगळं सांगितलं. आणायला जायची त्याला लाज वाटत होती. आज जातो, उद्या जातो, असं करत महिने गेले, तरी तो जाईना. शेवटी ती एकटीच पोर्ट सईदला गेली.

मावशीनं दार उघडलं आणि दुसऱ्या गल्लीतलं घर दाखवलं. रतीबाचं लग्न झालं होतं, गावाला न कळवताच. नवरा लकवा झालेला म्हातारा खलाशी. "जादूटोणा करणारी म्हणून नाव इथवर पोचलं होतं," मावशी म्हणाली. "दुसरं कोण घेणार होतं तिला? म्हाताऱ्याचं करायला माणूस हवं होतं."

रतीबा नवऱ्याला मसुराचं सार भरवत होती. तिनं इन्साफला बसायला सांगितलं, सार भरवून संपवलं, त्याचं तोंड पुसलं आणि मग जवळ येऊन बसली. इन्साफनं रडतरडत सगळं सांगितलं. रतीबा शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे पाणी लागत होतं त्यांना," ती म्हणाली.

"हो ताई."

"मला वाटलंच होतं."

"चला घरी. मी सगळ्यांसमोर सांगेन."

रतीबानं आतल्या खाटेकडे पाहिलं. "याला कोण बघेल? आणि तिथं आले तरी काय? तोंडावर गोड बोलतील, आणि कुणाचं पोर आजारी पडलं की माझ्याकडे बघतील." मग तिनं इन्साफकडे मान वळवली. "इन्साफ, मला राग नाही. पण तू मला एकदा विचारायचं होतंस. नुसतं विचारायचं. मी खोटं बोलले असते का तुझ्याशी?"

*

काही आठवड्यांनी हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज मितवल्लीची म्हैस दूध देईना आणि शेख हस्सूना पुन्हा गावात आला. आदल्या दुपारी त्यानं उम्म फिक्रीकडे चहा घेतला होता; घराघरातलं त्याला कुठून कळतं, हे आता इन्साफच्या लक्षात आलं. या वेळी हाजचं अंगण भरलं, तीच हिरवी शाल, तशीच थाळी. हाजच्या घरातलं अंडं आणून दिलं गेलं. या खेपेला बायका हळूच कोपऱ्यातल्या नाना नावाच्या विधवेकडे बघायला लागल्या होत्या. ती आपली मुलगी घट्ट धरून उभी होती.

"म्हशीचा पान्हा बांधलाय," शेख डोलत म्हणाला. "खालचे लोक सांगतायत..."

"खालच्या लोकांना जरा थांबायला सांगा," इन्साफ पुढे येत म्हणाली. "मौलाना, बाह्या वर करून अंडं फोडा."

शेखनं डोळे उघडले. "बाई, तुझी सावली पडली. आता विधी बिघडेल. जिन्न कोपले तर मला बोल लावायचा नाही."

"बाह्या वर केल्यानं जिन्नाला थंडी वाजते का?"

कुणीतरी फिसकन हसलं. हाज मितवल्ली काठी टेकत उठला. "बाह्या वर करायला काय जातं, मौलाना? उन्हाळा तर आहे."

शेख उठायला लागला तेव्हा हाजनं त्याचं मनगट धरलं. बाहीतून दुसरं अंडं घरंगळत चटईवर आलं. इन्साफनं ते उचलून उन्हात धरलं, सगळ्यांना जाड टोकावरचं चुन्याचं ठिगळ दाखवलं आणि थाळीत फोडलं. सुई, गाठी आणि काळ्या केसांची बट. नानाचे केस काळे होते.

"हे जिन्नांनीच माझ्या बाहीत टाकलं," शेख म्हणाला, पण कुणी ऐकायला थांबलं नाही. तो तीनचाकीत बसून गेला तेव्हा शाल चटईवरच राहिली होती.

बायका इन्साफभोवती जमल्या. उम्म फिक्री भिंतीला टेकून खाली बघत होती. इन्साफला वाटलं होतं की आज मन हलकं होईल. ते झालं नाही.

"मला शाबासकी नको," ती म्हणाली. "माझ्या अंगणात हेच झालं तेव्हा मी गप्प बसले. माझी पिल्लं पाण्यावाचून मेली. त्यांना पाणी देणारी एकच बाई होती, तिलाच आपण करणी करणारी ठरवलं. ती आता परत येणार नाही. गाय आटली, म्हैस आटली, मूल झालं नाही, अंडं फुटलं नाही, या सगळ्याला कारण असतं. ते कळेपर्यंत शोधा. दवाखाना आहे, डॉक्टर आहेत. नाही सापडलं तर नाही कळलं म्हणा, त्यात लाज नाही. पण कारण म्हणून घरातलं माणूस दाखवणारा आला, तर आधी त्याचे हात बघा. आणि त्या माणसाला विचारा. नुसतं विचारा."

नाना मुलीचा हात धरून आपल्या घराकडे निघाली, आणि बायकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.