कंबर वाजली आणि नस गप्प झाली

मला घाबरू नका, मित्रांनो. घाबरलेली तर मीच आहे. मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, फरशी बसवणाऱ्या एका कारागिराच्या कमरेतली. दोन मणके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये मी असते.

तो लहान होता तेव्हा मी पाणीदार आणि गुबगुबीत होते. तो भिंतीवरून धपकन उडी मारायचा आणि मी धक्का मुकाट्याने गिळायचे. तो आडवा झाला की पाणी शोषून पुन्हा टम्म व्हायचे. फार मजेचे दिवस होते ते.

पुढे तो कामाला लागला. दिवसभर उकिडवं बसायचं, वाकून फरशी ठोकायची, पाणी ओतून उतार बघायचा. लोक त्याच्या हातांचं तोंड भरून कौतुक करत. माझी आठवण कोणाला नव्हती. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वय वाढलं तशी मी सुकत गेले आणि माझ्या कडेला चीर पडली. एकदा त्याने गुडघे न वाकवता फरशांचं खोकं उचललं आणि तसाच कमरेत वळला. माझ्या आतला मऊ गर चिरेतून बाहेर आला आणि शेजारच्या नसेला टेकला. ती अशी किंचाळली की कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत त्याला कळ गेली.

या कारागिरांची एक रीत आहे. कंबर धरली की गार फरशीवर पालथं पडायचं आणि जोडीदाराने पाठीवर उभं राहून ती तुडवायची. याचा जोडीदार चांगला धिप्पाड. सगळे त्याला पैलवान म्हणत.

"कट्‌कन वाजलं पाहिजे, दादा. वाजलं की मोकळं झालंच समज," असं म्हणत तो चढला.

माझी तर बोबडीच वळली. कंबर वाजली खरी, पण माझा मोठा तुकडा मणक्यांच्या मागच्या बोळात घुसला. तिथून सगळ्या नसा जुडीने खाली जातात. हळूहळू नसेचं किंचाळणं थांबलं.

"बघ, पळालं की नाही दुखणं?" पैलवान खूश झाला. कारागीरही हसला. मला मात्र दिसत होतं, दाबाखाली नस मुकी होत चालली होती आणि हे दोघं त्यालाच बरं होणं समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची एक चप्पल दारातच निसटली. तो तसाच पुढे गेला.

"अहो, एका पायात चप्पल नाहीये तुमच्या!" बायको म्हणाली. "आणि सारखे बाथरूममध्ये काय जाताय?"

"काही नाही गं."

"मला सांगायला कसली आलीय लाज?"

तो खाली बघत म्हणाला, "लघवीच होत नाहीये. बसायच्या जागेला हात लावला तरी कळत नाही. पण आता दुखत नाही ना, म्हणजे बरंच होतंय."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिने रिक्षा बोलावली आणि त्याला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी पायाला टाचणी टोचून पाहिली, एमआरआय काढला. "बहुतेकांची कंबर स्नायूंमुळे दुखते आणि बरी होते," त्या म्हणाल्या. "कोणाची वयामुळे नसांची वाट अरुंद होते. त्यांना वेळ देता येतो. तुम्हाला नाही, तुमच्या नसांची अख्खी जुडीच दाबली गेलीय. ऑपरेशन आत्ताच करायचं."

"पहिल्यासारखे होतील ना हे?" बायकोने विचारलं.

"शक्य तितकं लवकर करतोय. शब्द नाही देता येणार."

दाराबाहेर पैलवान लहान मुलासारखा रडत होता. "वहिनी, त्याला बरं वाटावं म्हणूनच चढलो हो मी."

मित्रांनो, ओझं उचलताना गुडघे वाकवा. दुखऱ्या पाठीवर कोणाला चढू देऊ नका. आणि पाय लुळा पडला, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर लाज गुंडाळून ठेवा आणि लगेच मोठ्या माणसांना सांगा. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका.

माझा तुकडा कापून काढला, तेव्हा मला फार भीती वाटली. आता त्याहून जास्त वाटते आहे. तो शुद्धीवर आला आहे. डॉक्टर बाईंनी त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला आहे.

"कळतंय का काही?"

बायको श्वास रोखून उभी आहे. तो मान उचलून पायाकडे बघतो आहे. मी शेजारच्या नसेकडे कान लावून बसले आहे. ओरड ना गं बाई, एकदा तरी ओरड!