नाकाड्याची डावी बाजू

रबर जमलं नव्हतं.

सुनेने साच्याच्या कडेवर अंगठा दाबला तर तो आत रुतला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्यामागे मधासारखी तार आली. आदल्या दुपारी तिने हे रबर मातीच्या डोक्यावर ओतलं होतं. एव्हाना ते हातमोज्यासारखं सुटून यायला हवं होतं. तिने दुसरीकडे दाबून पाहिलं. जबड्याच्या टोकाला रबर छान घट्ट झालं होतं. गालावर, गळ्यावर आणि डोळ्यांभोवती मात्र नुसती चिकट राड.

कारण तिला लगेच कळलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काम शेवटाला आलं तेव्हा माती कमी पडली होती. तिने नवऱ्याला दुकानात पाठवलं होतं, आणि दुकानदाराने "एकच आहे हो, फक्त वेष्टन वेगळं" असं म्हणून दुसरीच माती गळ्यात मारली होती. त्या मातीत गंधक होतं. हे रबर बाकी सगळं सहन करतं, पण गंधकाला टेकलं की जन्मात जमत नाही. त्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती, नाहीतर आगकाडीसारखा वास तरी आला असता.

ती स्टुलावर बसली. समोर रबराखाली झाकलेलं ते डोकं होतं. माणूस आडवा झोपला तर जेवढा होईल तेवढं लांब, त्यात निम्म्याहून जास्त नुसता जबडा. घरात सगळे त्याला नाकाड्या म्हणत.

नाकाड्या सासूबाईंचा. ऐन तारुण्यात त्या एका दगडाच्या खाणीत उतरल्या आणि त्याची कवटी घेऊन वर आल्या. मगरी पृथ्वीवर यायच्या आधीचा हा प्राणी. दिसायला मगरीसारखा, पण मगरीशी नातं लांबचं. मगरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाला असतात. याच्या थेट डोळ्यांपुढे, एका उंचवट्यावर. ही एक गोष्ट लोकांना पटवण्यात सासूबाईंची उभी हयात गेली. संग्रहालयात त्याचं एक जुनं चित्र होतं, चित्रकाराने नाक बिनदिक्कत टोकाला काढलेलं. सासूबाई त्या दालनात जायच्याच नाहीत. "नाकाने कांदे सोलणारी आमची आई," नवरा म्हणायचा, "आयुष्यही घालवलं ते एका नाकापायी."

नवीन दालन होणार असं ठरलं, तेव्हा संग्रहालयाच्या प्रमुखांनी चार जणांचे नमुने पाहून नाकाड्याचं डोकं घडवायचं काम सुनेला दिलं. सासूबाईंनी फोनवरून विरोध केला. "अहो, ती दुकानांसाठी प्लास्टिकची फळं करते!" हे सुनेने शेजारच्या खोलीतून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

घराखालच्या शेडमध्ये काम सुरू झालं. सासूबाई रोज जिना उतरून यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि नाक मुरडायच्या.

"हे काय आहे?"

"गाल आहे, आई."

"गाल तुला-मला असतात. इथे स्नायू आहे. मागून निघतो, असा खाली वळतो आणि हाडाला धरतो. तू त्याला उशी लावली आहेस."

सून बाहेर जायची, अंगणात दोन शिव्या हासडायची, परत येऊन गाल खरवडायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला मान्य करावं लागायचं की म्हातारीचं बरोबर होतं. कधीकधी सुनेचंही बरोबर असायचं. एकदा पापणीवरून दोघींचं असं वाजलं की दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी खुर्चीतूनच हात उडवला. "ठीक आहे, ठेव तुझी पापणी."

मग त्यांच्या हृदयाने हात टेकले. डॉक्टर नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आता महिन्यांच्या गोष्टी करू नका." वरच्या खोलीत प्राणवायूचं यंत्र आलं. शेवटचं एकदा त्यांना खुर्चीसकट खाली आणलं, तेव्हा डोकं पूर्ण झालं होतं, खवल्यान् खवल्यासकट. सासूबाईंनी ते टोकापासून गळ्यापर्यंत नजरेखालून घातलं. मग इतकंच म्हणाल्या, "आता कुणी याला मगर म्हणणार नाही." सून त्या दिवशी जेवलीच नाही, आनंदाने पोट भरलं होतं.

तो चेहरा आता त्या राडीखाली होता.

नवरा खाली आला. त्याने बोट लावून पाहिलं, बोटाचा वास घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी विचारलं होतं दुकानदाराला," तो म्हणाला. "दोनदा विचारलं."

"मला फोन करायचा होतास."

"तू म्हणालीस घाई आहे."

"तुझ्या आईची शेवटची इच्छा तू पिशवीत घालून आणलीस आणि तिचा चिखल केलास," ती म्हणाली.

बोलून गेली आणि तिलाच ते ऐकवेना. त्याने बाह्या वर केल्या आणि हातांनी रबर ओरबाडायला लागला.

वरून सासूबाईंनी विचारलं, "निघाला का साचा?"

"उद्या, आई," नवरा ओरडला. "थंडी आहे ना, वेळ लागतोय."

दोन दिवस ते असंच "उद्या" म्हणत राहिले. रबर निघत होतं, पण बरोबर कातडीही नेत होतं. पट्टीने ओढलं की खवले त्याला चिकटून यायचे. द्रावणाने पुसलं की खालची माती लोण्यासारखी विरघळायची. डोळ्याजवळची पापणी, जिच्यासाठी दोन दिवस अबोला धरला होता, ती एका फडक्यात पुसली गेली. सून फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिला वाटलं, रबर गरम केलं तर कदाचित जमेल. कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. खरं तर तिने तसं काही वाचलं नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार, तशी तिने हीट गन हातात घेतली.

ही माती तेलाची. वाळत नाही, पण ऊन लागलं की मऊ पडते. हे तिला कामाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी ती गालावर, गळ्यावर, परत गालावर गरम हवा मारत राहिली. रबर तसंच राहिलं. आधी जबड्याच्या मुळाशी एक भेग पडली. ती भेग बोटाने दाबायला पुढे झाली तोच सगळा वरचा जबडा आतल्या लोखंडी सळ्यांवरून घसरला, आणि ओल्या पोत्यासारखा धप्पकन फरशीवर पडला.

आवाज वर गेला. सासूबाईंच्या उशाची घंटी वाजली.

सून जिना चढून गेली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत राड होती. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी.

"काय पडलं?"

सुनेला खोटं बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि खरं बाहेर आलं. माती, गंधक, रबर, हीट गन, सगळं. बोलता बोलता ती रडायला लागली.

सासूबाईंनी तिचं रडणं संपू दिलं नाही. "दोन दिवस?" त्या म्हणाल्या. श्वास पुरेना म्हणून शब्द तुटत होते. "दोन दिवस मला फसवलंत? मला? माझ्याकडे दिवस आहेत का उधळायला? फळं करणारीला काम देऊ नका, सांगितलं होतं मी." मग त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. सुनेने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. लहान मुलीसारख्या तोंड उघडं टाकून त्या रडल्या, आणि यंत्राची सुई खाली-वर होत राहिली.

नवरा धावत आला. त्याने आईचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

"मला खाली न्या," त्या म्हणाल्या. "पलंगासकट. आणि तू पुन्हा कर."

"आई, वेळ—"

"रडायला वेळ आहे तुला?"

पलंग शेडमध्ये आला, भिंतीला लावला. तिथून डोक्याची डावी बाजू दिसायची. सळ्या शाबूत होत्या, मापं होती, फोटो होते. सुनेने गंधकाची माती बाहेर फेकली, उरलेली चांगली माती मळली आणि जबडा पुन्हा चढवायला घेतला. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की दोन्ही बाजू होणार नाहीत. तिने उजवीकडे सळ्यांवर नुसती तारेची जाळी ठेवली आणि सगळी माती, सगळी ताकद डावीकडे लावली. एरवी जे काम महिना मागतं, ते तिला आठवड्यात उरकायचं होतं. नवऱ्याने घरचं सगळं अंगावर घेतलं. सूप करायचं, औषधं द्यायची, आईला पुसायचं. नवरा-बायको एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते.

पहिले दोन दिवस सासूबाई चुका काढत होत्या. "डोळा वर गेलाय." "नाकाचा उंचवटा बोथट करू नकोस." सून "हो" म्हणायची आणि करायची. वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं आणि त्यांच्यातही. तिसऱ्या दिवसापासून त्या जास्त झोपू लागल्या. डॉक्टरांनी दुखण्यावर नवं औषध दिलं होतं, त्याची गुंगी यायची. जाग आली की त्या सुनेला "ताई" म्हणायच्या. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती जाऊन युगं झाली होती.

"आई, इकडे बघा ना. जबडा बरोबर आहे?" सून विचारायची.

"ताई, दार लावलंस का?"

सुनेचा जीव कासावीस व्हायचा. घाई ज्या माणसासाठी होती, तेच हातातून निसटत होतं. ती आणखी जोर लावायची. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, त्यात माती भरली. खवले बसवले, पापणी बसवली, काचेचा पिवळा डोळा घातला आणि त्यावर पाण्यासारखं चकचकीत वार्निश फिरवलं. एका दुपारी डावी बाजू झाली. तिने मागे सरून पाहिलं. आधीच्यापेक्षा ती वेगळी होती. आधीचा नाकाड्या शांत होता. हा आत्ताच काहीतरी ऐकून थांबल्यासारखा दिसत होता. चांगला की वाईट, ते तिला कळेना. सांगू शकणारं माणूस एकच होतं.

तिने दिवा सरळ केला, पलंगाचं डोकं वर उचललं आणि हलकेच हाक मारली. "आई. झाला."

सासूबाईंनी डोळे उघडले. नजर सुनेवरून सरकत डोक्यावर गेली आणि तिथेच खिळली.

"ताई," त्या कुजबुजल्या, "हलू नकोस."

"आई, तुमचा नाकाड्या आहे. तुम्हीच शोधलात ना?"

"बघतोय तो." त्यांनी पाय पोटाशी ओढले. ज्या पायांना कुशीवर वळायची ताकद नव्हती, ते पाय त्यांनी ओढून घेतले. "माझ्या पायांकडे बघतोय. ताई, त्याला घालव. घालव गं!"

"मातीचा आहे, आई! हे बघा, मी हात लावते—"

सुनेने त्याच्या जबड्यावर हात ठेवला आणि सासूबाई किंचाळल्या. नवरा आत आला. सुनेने चादर ओढून डोक्यावर टाकली, पण चादरीखालून तो आकार दिसतच होता आणि त्या थरथर कापत होत्या. शेवटी दोघांनी मिळून डोक्याखालचा चाकांचा जड स्टँड ढकलत दारातून अंगणात नेला. सून धापा टाकत परत आली आणि पलंगाजवळ गुडघ्यांवर बसली.

"गेला का?"

"गेला, आई."

"पाण्यात गेला?"

"हो. पाण्यात गेला."

सासूबाईंनी तिचा मातीने माखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मधे शुद्धीवर अशा आल्याच नाहीत.

सगळं उरकल्यावर नवरा म्हणाला, "तिला तो जिवंत वाटला. याहून मोठी पावती कुठली?"

"घाबरून गेल्या त्या," सून म्हणाली. "आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, त्याला घाबरल्या. आणि मी त्याच्या डोळ्याला वार्निश लावत बसले होते."

अंगणात ऊन लागून नाकाड्याची हनुवटी थोडी ओघळली होती. पुढे बरेच दिवस तिने त्याला हात लावला नाही.

मग प्रमुखांचा फोन आला. त्यांनी दालनाचं उद्घाटन पुढे ढकललं होतं, घाई नको म्हणाले. सुनेने नवऱ्याच्या मदतीने नाकाड्याला परत शेडमध्ये आणलं. तिने आधी हनुवटी सावरली आणि मग उजवी बाजू हाती घेतली. या बाजूला वेळच वेळ होता आणि चूक काढणारं कुणी नव्हतं, म्हणून ती संपता संपेना. दिवसभर केलेलं संध्याकाळी ती खरवडून टाकायची. नवरा चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मस्त दिसतंय." तिला त्याचा संताप यायचा. शेवटी कंटाळून एक दिवस तिने कोरणी खाली ठेवली. नवं रबर आधी मातीच्या तुकड्यावर तपासून मग ओतलं. साचा नीट निघाला. संग्रहालयाची माणसं आली आणि डोकं घेऊन गेली.

शेड रिकामी झाली, भिंतीला फक्त पलंग उरला. तो वर न्यायला दोघं लागले. जिन्याच्या वळणावर तो असा अडकला की पुढे जाईना की मागे येईना. नवरा वरच्या पायरीवर बसला, ती खालच्या. मधे पलंग.

"मातीचं मी तेव्हा जे बोलले," ती म्हणाली, "ते बोलायला नको होतं. चूक तुझी नव्हती."

"होती की."

तिने विचार केला. "हो. थोडी होती."

तो हसला आणि हसता हसता तोंड फिरवून रडायला लागला, आई गेल्यापासून पहिल्यांदा. तिचा हात पलंगापलीकडे त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून ती पलंगाची दांडी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं.

"तिरका कर," तो म्हणाला. "आणि उचल."